डबल इन्डेम्निटी (१९४४): दाव्याच्या फायलीतला थरार

खून कोणी केला हे दिग्दर्शक बिली वायल्डर सुरुवातीलाच सांगून टाकतो. खांद्यात गोळी घेऊन विमा एजंट वॉल्टर नेफ (फ्रेड मॅकमरे) रात्री ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनवर (आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्रावर) कबुली देऊ लागतो. उत्कंठा उरते ती एकच: इतकी पक्की योजना फसली कुठे?

योजना खरंच पक्की आहे. नेफ आणि त्याची प्रेयसी फिलिस (बार्बरा स्टॅनविक) यांना तिच्या नवऱ्याचा, डायट्रिक्सनचा, काटा काढायचा आहे. मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण म्हणून त्याच्या दोन सह्या घेतल्या जातात. दुसरा कागद असतो ५०,००० डॉलरच्या अपघात विम्याचा. आगगाडीत मृत्यू आला तर रक्कम दुप्पट (हीच ‘डबल इन्डेम्निटी’), म्हणून खून मोटारीत करून प्रेत रुळांवर टाकायचं. डायट्रिक्सनचा पाय मोडलेला, म्हणून त्याच्या कुबड्या घेऊन नेफ स्वतः त्याच्या जागी आगगाडीत चढतो. नेफच्या घरी फोनच्या आणि दाराच्या घंटेत कार्ड खोचून ठेवलेलं. घंटा वाजली तर ते पडेल आणि मागाहून कळेल. प्रेत टाकल्यावर मोटार सुरूच होत नाही, त्या क्षणी आपण चक्क खुन्यांच्या बाजूने श्वास रोखतो.

पण चित्रपट खाऊन टाकतो तो दावे तपासणारा बार्टन कीज. विमा कंपनीच्या साहेबांना ही आत्महत्या वाटते, कारण मग पैसे द्यावे लागत नाहीत. कीज आत्महत्यांची कोष्टकं घडाघडा म्हणून दाखवतो: चालत्या आगगाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारल्याची एकही नोंद नाही, आणि गाडीचा वेग होता ताशी १५ मैल! म्हणजे कंपनीच्या फायद्याचा तर्क कंपनीचाच माणूस मोडतो. मग त्याला खटकतं की पाय मोडला तेव्हा या माणसाने दावा का केला नाही? विमा आहे हे त्याला ठाऊकच नसेल तर? न घडलेल्या गोष्टीतून संशय उभा करणारी ही पटकथा वायल्डर आणि रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांची.

बार्बरा स्टॅनविकचा सोनेरी टोप मात्र शेवटपर्यंत टोपच वाटतो. नेफच्या फ्लॅटचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं, केवळ तिला त्यामागे लपता यावं म्हणून. प्रसंग इतका ताणलेला आहे की पहिल्या खेपेला ते लक्षातही येत नाही.

लांबी १०७ मिनिटं. एडवर्ड जी. रॉबिन्सनचा कीज तोफेसारखा बोलतो, तेव्हा सबटायटल लावूनच बघा.