जिप्सी तरंगवणारा बॅरलचा सांगाडा: आठ बॅरलांचा सेट घेऊ नका, दहाचा करून घ्या

बेळगावच्या उद्यमबागेतलं एक छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप मारुती जिप्सीसाठी तरंगता सांगाडा बनवून देतं. गाडीच्या दोन्ही अंगांना निळे प्लास्टिकचे बॅरल, त्यांना धरणारी लोखंडी चौकट आणि ती चासीला आवळायला यू-बोल्ट, असा सुटा सेट. पाण्याच्या काठावर जोडायचा, पाण्यात फिरून आलं की काढून टेम्पोत टाकायचा. आठ बॅरलांच्या सेटला पंचावन्न हजारांच्या आसपास मागतात. चौकटीचं काम चांगलं आहे. बॅरलांचा हिशेब मात्र कच्चा आहे, आणि जीव त्या हिशेबावर अवलंबून असल्यामुळे तो आधी मांडतो.

सॉफ्ट टॉप जिप्सी किंगचं रिकामं वजन ९८५ किलो. चौकट १०० किलो. आठ बॅरल, प्रत्येकी ९ किलो धरून ७२. दोन माणसं १५०, अर्धी टाकी पेट्रोल १५, दोर-नांगर-हत्यारं ४०, मागे लावायची छोटी मोटर २५. बेरीज १,३८७ किलो. दोनशे लिटरचा बॅरल पूर्ण बुडाला तर २०० किलो उचलतो, म्हणजे आठांची ताकद १,६०० किलो. कागदावर गाडी तरंगते आणि २१३ किलो शिल्लक राहतात. विक्रेता हेच गणित सांगतो आणि ते चुकीचंही नाही. पण एका बॅरलचं बूच गळालं की २०० किलो गेले. उरले १३. तिसरा माणूस सोडाच, भिजलेली ताडपत्रीसुद्धा त्याला पुरेल.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आडव्या बॅरलचा व्यास साधारण ५८० मिलिमीटर असतो. ८७ टक्के ताकद वापरली गेली की पाण्याच्या वर जेमतेम ११ सेंटिमीटर बॅरल दिसतो. तोही गाडी सपाट बसली तरच. इंजिन पुढे आहे, माणसं पुढच्या सीटवर आहेत, आणि या सेटमध्ये बॅरल गाडीच्या लांबीच्या मध्यावर धरून चार-चार लावलेले आहेत. त्यामुळे नाक १० ते १५ सेंटिमीटर खाली जातं आणि पुढचे दोन बॅरल पूर्ण पाण्याखाली जातात. बॅरलचा काही भाग पाण्याबाहेर असतो तोवर गाडी कलली की त्या बाजूचा बॅरल आणखी बुडतो आणि तिला परत उचलतो. पूर्ण बुडालेल्या बॅरलकडे वाढवायला काही उरत नाही. एखादी लाट आली, कुणी पुढे वाकून दोर धरला, की नाक सावरत नाही.

म्हणून दोन बॅरल पुढच्या बंपरसमोर आडवे घ्या. वजन १,४०५ किलोवर जातं, ताकद २,००० वर. वजनाच्या किमान १.४ पट ताकद हवी, ती इथे मिळते. बॅरल दोन तृतीयांश बुडतात, २० सेंटिमीटर वर राहतात, आणि एक गळाला तरी जवळजवळ ४०० किलो शिल्लक असतात. बॅरलचा बाहेरचा आकार आणि टायरमधली हवा यातून आणखी थोडं मिळतं, पण ते हिशेबात धरू नका. या पुढच्या जोडीची ब्रॅकेट सांगितली तर वर्कशॉप बनवून देतं. ती बंपरला नको, चासीच्या पुढच्या टोकांना, टो-हूकच्या जागी पिन घालून बसवायला सांगा. बंपरचा पत्रा खालून वर येणारा तेवढा जोर घेत नाही.

दुसऱ्या महायुद्धात फोर्डनं १९४२-४३ मध्ये जीपला होडीचं अंग देऊन जीपीए नावाची गाडी बनवली होती, बारा हजारांहून अधिक. तिच्या होडीचा काठ पाण्यापासून फार वर नव्हता, म्हणून शांत नदीत ती चालली आणि लाटांत पाणी घेऊ लागली. आठ बॅरलांच्या सेटमध्ये नेमकी तीच उणीव आहे.

आता चौकट. इथे वर्कशॉपवाल्यांना पूर्ण गुण. गाडीखालून जाणारे तीन आडवे दांडे ६० बाय ६० मिलिमीटरच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपचे आहेत. स्वस्तात करणारे ४० बाय ४० चा २ मिलिमीटर पाइप वापरतात आणि तो हमखास वाकतो. एका बाजूला सुमारे ७०० किलोचा जोर तीन दांड्यांवर विभागला जातो, प्रत्येकाचा चासीबाहेर आलेला हात साधारण ७० सेंटिमीटर. एवढ्या ताणात चाळिसाचा पाइप आपली मर्यादा ओलांडतो, साठाचा निम्म्यावर राहतो. बॅरल धरणाऱ्या शिडीला मात्र ४० चा पाइप पुरेसा आहे आणि तिथे त्यांनी तोच वापरलाय, उगाच वजन वाढवलेलं नाही.

शिडी बॅरलच्या वर आहे, हेही बरोबर. घरच्या घरी करणारे बॅरलला खालून पाळणा देतात, कारण जमिनीवर बॅरल खाली पडतो. पाण्यात तो वर पळतो. वरून अडवायला लोखंड नसेल तर सगळा भार पट्ट्यांवर येतो. या सेटमध्ये पट्टे फक्त बॅरल जागेवर ठेवतात. तरी २५ मिलिमीटरचे रॅचेट पट्टे दिलेत ते बदलून ५० चे घ्या. बारीक पट्टा गुळगुळीत प्लास्टिकवरून सरकतो, आणि गाडी काठावर चढताना बॅरल मागे घसरून चाकाला घासतो.

बॅरल कोणते, यावर वर्कशॉपचं लक्ष कमी आहे. मोठ्या तोंडाचे, झाकणाला लोखंडी रिंग असलेले बॅरल अजिबात घेऊ नका. रिंग धान्यासाठी ठीक, पाण्याखाली ती गळते. वर दोन बुचं असलेला बंद तोंडाचा बॅरल हवा. रसायनाचा असेल तर धुतलेलं पाणी शेतात किंवा ओढ्यात सोडू नका. बुचाचं रबर नवीन घाला आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. लहान बुचाला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. सायकलच्या पंपानं २ पीएसआयपर्यंत हवा भरून साबणाचं पाणी फिरवा, कुठून फुगे येतात ते लगेच दिसतं. कॉम्प्रेसर लावू नका. बॅरलचा सपाट तळ फुगतो आणि फुटला तर माणूस जायबंदी होईल.

तो व्हॉल्व्ह पुढेही कामाला येतो. दुपारच्या उन्हात ४० अंशांना बूच लावलं आणि बॅरल २५ अंशांच्या पाण्यात गेला की आतला दाब पाऊण पीएसआयनं उतरतो आणि बुचातून पाणी आत ओढलं जातं. म्हणून सकाळीच १ पीएसआय भरून ठेवा. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक बॅरलचा दाब मोजा. ज्याचा उतरलाय तो बदला. ट्रकच्या ट्यूबांचा पर्यायही वर्कशॉप सुचवतं. १०.००-२० ची ट्यूब सव्वाशे ते दीडशे किलो उचलते, पण आपल्याकडच्या तळ्यांच्या काठी बाभूळ आहे. एका काट्यात काम तमाम.

उंचीसाठी उभ्या पट्टीला तीन भोकं आहेत. बॅरलचा तळ जमिनीपासून २०० मिलिमीटरवर येईल ते भोक धरा. मग पाण्याची रेघ जमिनीपासून ५८० मिलिमीटरवर येते. वरचं भोक घेतलं तर काठावर बॅरल आपटत नाही, पण पाणी इंजिनच्या खोलीत वर चढतं. खालचं घेतलं तर गाडी कोरडी राहते आणि उतारावर बॅरल जमिनीला टेकतो. चाकं सुटण्याआधी लीफ स्प्रिंगचे पाटे मोकळे होऊन अ‍ॅक्सल सात-आठ सेंटिमीटर खाली लोंबतात, त्यामुळे गाडी खरी तरंगते ६५ सेंटिमीटर पाण्यात. दोन्ही अ‍ॅक्सल चासीला पट्ट्यानं बांधून घेतले तर हा फरक कमी होतो आणि बाहेर येताना चाकं लवकर जमीन धरतात.

थार आणि जिम्नीलाही सेट चालेल असं वर्कशॉप सांगतं. जिम्नीचं रिकामं वजन सुमारे १,२०० किलो, तिला बारा बॅरल लागतील. नवी थार १,७५० किलोच्या आसपास, चौकट-माणसं-सामान धरून २,२०० वर जाते. तिला पंधरा-सोळा बॅरल लागतात आणि हे दांडे त्यासाठी नाहीत. शिवाय थार कंपनीच्याच आकड्याप्रमाणे ६५० मिलिमीटर पाण्यातून चालते. तिच्यासाठी हा सेट घेऊ नका.

गाडीची तयारी सेटमध्ये येत नाही, ती वेगळी करावी लागते. पुढचं-मागचं डिफरन्शियल, गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरना (हवा ये-जा करायच्या भोकांना) नळी जोडून ती बॉनेटखाली वरपर्यंत न्या. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलमधून पाणी आत जातं. ऑइल दुधासारखं पांढरं झालं की समजायचं. काठावर पोचल्यावर अर्धा तास गाडी थंड होऊ द्या. तरंगताना इंजिन बंद ठेवायचं, कारण सायलेन्सर पाण्याखाली असतो आणि पंख्याच्या पात्यांना पाणी लागू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा.

उतरताना सहा फुटाला एक फूट यापेक्षा जास्त उतार नको. पुढचा भाग तरंगतोय आणि मागची चाकं अजून जमिनीवर आहेत, तेवढा वेळ गाडी सर्वांत अस्थिर असते. मागच्या हूकला १२ मिलिमीटरचा दोर लावून काठावरच्या माणसानं तो सैल-ताठ करत राहावा. दोर पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, तो पाण्यावर तरंगतो. दारं उघडी किंवा काढलेली, सीटबेल्ट सोडलेला, अंगात लाइफ जॅकेट. यात एकही सूट नाही.

वाहत्या पाण्यात हा सेट घालू नका. आडव्या गाडीवर सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी साधारण १०० किलोचा रेटा देतं, वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, ४०० किलो. ‘पुरात उपयोगी’ असं विक्रेत्याचं सांगणं आहे, आणि पावसाळ्यात कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड असे बंधारे बुडाले की अशा सांगण्याला माणसं भुलतात. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा यांच्या पुरात ही गाडी ओंडक्यासारखी वाहून जाईल. कृष्णेत मगरीही आहेत. राकसकोप आणि हिडकलचं पाणी बेळगावकर पितात, तिथे तेलकट चासी बुडवणं बरोबर नाही. प्लास्टिकचा कागद घातलेलं शेततळंही नको, चाकानं कागद फाटतो. जुन्या खाणीचे काठ सरळ तुटलेले असतात, तिथे बाहेर येता येत नाही. सपाट काठाचं, दोन मीटर खोल, बिनवाहतं गावतळं पाहा आणि ग्रामपंचायतीला विचारून जा. मोटर लावणार असाल तर अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ काय मागतो ते आधी पाहा. सेट जोडून रस्त्यावर गाडी काढता येत नाही. रुंदी २.८ मीटर होते, आणि नियमात २.६ पर्यंतच परवानगी आहे.

बाहेर आल्यावर त्याच दिवशी चारही ऑइलं काढून पाहा, चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस बदला, ब्रेक ड्रम उघडून चिखल धुवा. चिकोडीकडची काळी माती ड्रममध्ये वाळली की ब्रेक धरून बसतात. चौकटीवर नुसता रेड ऑक्साइड आहे आणि पाइपची तोंडं उघडी आहेत, त्यामुळे आत पाणी साठून गंज धरतो. तोंडं पत्र्यानं बंद करून वेल्ड करायला ऑर्डर देतानाच सांगा. दहा बॅरल, ५० चे पट्टे, पुढची ब्रॅकेट आणि बंद तोंडाचे पाइप हे चारही एकाच पावतीवर लिहून घ्या.