सहलीच्या पिशवीतला ग्लुकोमीटर: उन्हात, घामात आणि धबधब्याच्या पायऱ्यांवर

बोटाला टोचून रक्तातील साखर मोजणारे ग्लुकोमीटर आपण बहुधा घरात, सकाळी उपाशीपोटी, हात धुऊन आणि चष्मा लावून वापरतो आणि तेवढ्या अनुभवावर ते चांगले की वाईट हे ठरवून टाकतो. माझ्या मते या यंत्राची खरी पारख प्रवासात होते. तिथे रुग्णाचा हात थरथरत असतो, यंत्र कधीच न हाताळलेल्या माणसाला ते चालवावे लागते आणि पडद्यावर थेट ऊन पडलेले असते. माझा मोठा भाऊ इन्सुलिनवर आहे आणि तो वापरत असलेले यंत्र मला एका सहलीच्या दिवशी अगदी जवळून पाहावे लागले. हे परीक्षण त्या अनुभवावर बेतलेले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक गुणदोष या जातीच्या कोणत्याही साध्या यंत्राला लागू पडतात.

यंत्र तळहातात मावणारे आहे. पट्टी खोचली की ते आपोआप सुरू होते, एक मायक्रोलिटरहूनही कमी रक्त पट्टी स्वतःच ओढून घेते आणि पाच सेकंदांत आकडा दिसतो. पट्टीवरच्या एन्झाइमची रक्तातील ग्लुकोजशी अभिक्रिया होते आणि त्यातून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह यंत्र मोजते. या तत्त्वाचा पाया लीलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी 1962 मध्ये मांडलेल्या एन्झाइम इलेक्ट्रोडच्या कल्पनेने घातला. हे सांगण्याचे कारण एवढेच, की मोजमाप रासायनिक असल्यामुळे उष्णता, दमटपणा आणि बोटावर चिकटलेली साखर या तिन्ही गोष्टी त्यात थेट ढवळाढवळ करतात, आणि निसर्गाच्या सान्निध्यात घालवलेल्या दिवसात या तिन्हींची मुळीच वाण नसते.

आमचा बेत साधा होता. पहाटे निघायचे, आधी डोंगरमाथ्यावरून सूर्योदय पाहायचा, मग तळ्याकाठी पक्षी, दुपारी धबधबा आणि संध्याकाळी जंगलातली पायवाट. गाडी दादाच चालवणार होता. गाडीने फिरायचे म्हणजे दिवसभर बसूनच राहायचे असा आपला समज असतो, पण अशा प्रत्येक थांब्यावर थोडी चढण, थोडी उतरण आणि बरीच पायपीट होते. स्नायू काम करू लागले की ते रक्तातील ग्लुकोज जास्त प्रमाणात ओढून घेतात, उष्णतेमुळे टोचलेले इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषले जाते, आणि त्यातच तळ्यावर पक्ष्यांचा थवा दिसला म्हणून जेवणाची वेळ पुढे ढकलली गेली, तर नेहमीच्या दिनक्रमाच्या हिशेबाने सकाळी घेतलेली मात्रा त्या दिवसापुरती जास्त ठरते. तसेच झाले, मात्र ते ध्यानात यायला धबधबा उजाडावा लागला.

त्याआधी यंत्राने एक रुसवा दाखवला आणि तोच पुढे आमच्या पथ्यावर पडला. तळ्यापाशी त्याचा पाऊच गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला होता. परत येऊन दादाने साखर तपासायला घेतली, तेव्हा पडद्यावर आकड्याऐवजी थर्मामीटरचे चिन्ह उमटले. अशी यंत्रे साधारणपणे 10 ते 40 अंश सेल्सिअसच्या दरम्यानच काम करतात, आणि उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचे आतले तापमान त्याच्या कितीतरी पुढे सहज जाते. चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा आकडा दाखवायलाच नकार देणे हा मी या यंत्राचा मोठा गुण मानते. दोष आहे तो पट्ट्यांचा: उष्णतेने पट्टी बिघडली तर यंत्राला ते दर वेळी कळेलच असे नाही. ठरावीक साखर असलेले नियंत्रण द्रावण टाकून पट्ट्यांची खातरजमा करता येते, पण ते द्रावण आमच्या संचात आलेच नव्हते, ते वेगळे मागवावे लागते. सावलीत यंत्र निवल्यावर आकडा ठीक आला. त्यानंतर दादाने पाऊच पाठीवरच्या पिशवीत टाकला, आणि म्हणूनच तो धबधब्यापर्यंत आमच्याबरोबर खाली आला.

धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या बऱ्याच होत्या. खाली हातपाय भिजवून, संत्री खाऊन आम्ही परत चढू लागलो, आणि अर्ध्या वाटेवर दादा न बोलता एका पायरीवर बसला. दमला असेल असे वाटले. मग वहिनींनी पाणी हवे का असे विचारले, तर एरवी गोडीने बोलणारा हा माणूस त्यांच्यावर खेकसला, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि रिमोटचे बटण पुन्हापुन्हा दाबू लागला. गाडी वर, नजरेच्याही टप्प्यात नव्हती. कपाळावर घामाचे थेंब होते आणि हाताला मात्र तो गार लागत होता. जवळून जाणाऱ्या एका गृहस्थांनी ऊन लागल्याचे निदान केले, वहिनींच्या मनात हृदयविकाराची शंका आली, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी तिन्ही शक्यता सारख्याच खऱ्या वाटत होत्या. घाम, धडधड, थरथर, चिडचिड आणि असंबद्ध वागणे ही साखर उतरल्याची नेहमीची लक्षणे आहेत, पण ती समोर उभी राहतात तेव्हा कपाळावर नाव लिहून येत नाहीत.

यंत्र माझ्या हाती आले. पट्टी कुठल्या बाजूने खोचायची हे तिच्यावरच्या बाणावरून कळले. टोचणीचे पेन मात्र कसोटी पाहणारे निघाले, कारण टोचण्याची खोली ठरवणारी चकती दादाच्या सवयीप्रमाणे सर्वांत उथळ ठेवलेली होती आणि गार पडलेल्या बोटातून रक्तच येईना. तळहाताकडून टोकाकडे बोट चोळले, चकती दोन खुणा पुढे सरकवली, बोटाच्या कडेला टोचले, तेव्हा कुठे थेंब उभा राहिला. आकडा आला 131.

आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता, पण वहिनींच्या लक्षात आले की दादाने थोड्याच वेळापूर्वी सगळ्यांसाठी संत्री सोलली होती. बाटलीतल्या पाण्याने त्याचे बोट नीट धुतले, कोरडे केले, नवी पट्टी घेतली. या वेळी आकडा होता 58. फळे सोलल्यावर न धुतलेल्या बोटांवरून घेतलेली साखर फसवी जास्त दिसते, आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही हा दोष पुरता जात नाही, साध्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र जातो, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात दाखवून दिलेले आहे. गंमत अशी, की आमच्या पाऊचमध्ये स्पिरिटचे बोळे ठेवायला खास कप्पा आहे, आणि आधी हात धुवा ही सूचना मात्र माहितीपत्रकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत दिलेली आहे. ती यंत्राच्या पाठीवरच छापायला हवी होती.

या आकड्यावर किती विसंबायचे, हेही समजून घेतले पाहिजे. ग्लुकोमीटरच्या अचूकतेसाठी असलेल्या आयएसओ 15197 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2013 च्या आवृत्तीनुसार, साखर 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असताना किमान 95 टक्के नोंदी प्रयोगशाळेतील मापापासून 15 मिलिग्रॅमच्या आत असाव्या लागतात, आणि 100 च्या वर असताना 15 टक्क्यांच्या आत. म्हणजे मानकात बसणाऱ्या यंत्रानेसुद्धा 58 दाखवले, तर खरी साखर 43 ते 73 यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. 70 च्या खालची साखर कमी मानतात आणि 54 च्या खालची धोकादायक, त्यामुळे या यंत्राकडून नेमका आकडा मिळवण्यापेक्षा कोणत्या दिशेने धावायचे हे कळून घ्यावे. माणूस इन्सुलिनवर आहे, लक्षणे उघड आहेत आणि यंत्र हाताशी नाही किंवा रुसले आहे, अशा वेळी आकड्याची वाट न पाहता साखर द्यावी असेच वैद्यकीय मार्गदर्शन सांगते.

पुढचे उपचार सोपे होते, कारण दादा शुद्धीवर होता आणि त्याला गिळता येत होते. सुमारे 15 ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि आकडा 70 च्या खालीच असेल तर तेवढीच पुन्हा द्यायची, हा सर्वत्र मान्य असलेला परिपाठ आहे. आम्ही चघळायच्या ग्लुकोजच्या गोळ्या दिल्या. चॉकलेट अशा वेळी उपयोगाचे नाही, कारण त्यातली चरबी साखरेचे शोषण लांबवते. अकार्बोज नावाचे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, म्हणून त्यांच्याजवळ ग्लुकोजच असायला हवे. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे, साखर वाढवणारे ग्लुकागॉन हे औषध उपलब्ध असेल तर ते द्यायचे आणि रुग्णवाहिका बोलवायची.

या पंधरा मिनिटांत यंत्राने मदत केली असती तर बरे झाले असते, पण त्यात गजरच नाही. कमी आकड्याच्या शेजारी ते एक लाल खूण दाखवते, एक बारीकसा बीप करते आणि थोड्या वेळाने स्वतःच बंद होते. एवढे स्वस्त घटिकायंत्र आत बसवणे कोणत्याही उत्पादकाला अवघड नसावे. उलट मोबाइलशी जोडून आलेख काढण्याची सोय मोठ्या हौसेने दिली आहे, आणि डोंगराच्या कुशीत तिचा आम्हाला काडीचाही उपयोग झाला नाही. पडद्यामागे प्रकाश आहे, त्यामुळे रात्री आकडे छान दिसतात, पण भर उन्हात पडदा करडा पडतो आणि हाताची सावली धरावी लागते. पट्ट्यांच्या डबीचे झाकण ओल्या बोटांनी उघडताना निम्म्या पट्ट्या सांडायच्या बेतात होत्या.

दुसऱ्या तपासणीत 74 आणि बिस्किटे खाऊन झाल्यावर 96 असे आकडे आले, तोवर दादाला आपण खेकसल्याचेही आठवत नव्हते. तो लगेच स्टिअरिंगवर बसायला निघाला. इथे आकडा बरोबर असूनही दिशाभूल करू शकतो. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या वाहनचालकांना निघण्याच्या आधीच्या दोन तासांत आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी साखर तपासावी लागते. साखर उतरली, तर ती पूर्ववत झाल्यावरही 45 मिनिटे गाडी चालवायची नसते, कारण रक्तातील साखर सुधारली तरी मेंदूला सावरायला त्याहून अधिक वेळ लागतो. किल्ली मी घेतली, जंगलातली पायवाट रद्द झाली आणि आम्ही जेवून थेट घरी परतलो. व्यायामाचा परिणाम पुढे कित्येक तास टिकतो, म्हणून झोपण्यापूर्वीही एकदा तपासणी केली. चालण्या-चढण्याच्या दिवसासाठी मात्रा कशी बदलायची, हे नंतर डॉक्टरांनी ठरवून दिले.

मग असे यंत्र घ्यावे का? इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवू शकणारी गोळी घेणाऱ्या कोणीही प्रवासाला त्याशिवाय निघू नये, असे मी म्हणेन. पण इन्सुलिनवर असलेला माणूस स्वतः गाडी चालवणार असेल, तर एवढ्यावर भागत नाही. बोटाचे यंत्र विचारल्याशिवाय काही सांगत नाही, आणि साखर उतरू लागली की विचारण्याचे भान नेमके त्याच माणसाला राहत नाही. दंडावर चिकटवायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर या बाबतीत उजवा आहे, कारण तो आकडा घसरू लागताच गजर करतो. सेन्सर रक्ताऐवजी पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून साखर वेगाने बदलत असताना तो काही मिनिटे मागे राहतो, आणि लक्षणे व आकडा जुळत नसतील तेव्हा खात्री करायला शेवटी बोटच टोचावे लागते. दादाने आता दोन्ही ठेवले आहेत.

खरेदी करताना यंत्रापेक्षा पट्ट्या पाहाव्यात, कारण यंत्र एकदाच घ्यायचे असते आणि पट्ट्या जन्मभर. डबी उघडल्यानंतर किती महिन्यांत संपवायची, हे झाकणावर लिहिलेले असते. उघडल्याची तारीख तिथेच पेनाने नोंदवावी. सुटी पाकिटे असलेल्या पट्ट्या मिळत असतील तर प्रवासासाठी त्या अधिक सोयीच्या, ओल्या हवेत त्या डबीतल्या पट्ट्यांपेक्षा सुरक्षित राहतात. टोचणीच्या पेनाची चकती घरातल्या दुसऱ्या कोणाला फिरवता येते का, हे दुकानातच करून पाहावे.

पाऊचबद्दलची माझी शेवटची तक्रार निसर्गाशी संबंधित आहे. त्यात सुया, पट्ट्या, बोळे अशा साऱ्यांना जागा आहे, पण वापरलेल्या सुईला नाही. धबधब्याच्या पायरीवर एकामागून एक वापरलेल्या सुया हातात घेऊन मी उभी होते, आणि त्या ठेवायला माझ्याकडे रिकाम्या पाण्याच्या बाटलीशिवाय काहीही नव्हते. आता आम्ही पाऊचला जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची एक नळी रबराने बांधली आहे. ती नळी कंपनीने संचातच द्यायला हवी.