मारुतीची फ्रॉंक्स टर्बो ऑटोमॅटिक घ्यावी की ह्युंदाईची व्हेन्यू डीसीटी?

दोन्हीत ९९८ सीसीचं तीन सिलिंडरवालं टर्बो पेट्रोल इंजिन, पण फ्रॉंक्सला १०० पीएस ताकद आणि ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, व्हेन्यूला १२० पीएस आणि ७ गिअरचा ड्राय क्लच डीसीटी (दोन कोरडे क्लच असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आणि खरा फरक गिअरबॉक्समुळेच पडतो. घाटात ट्रकला ओव्हरटेक मारायचा असेल तर व्हेन्यूच, पाय दाबला की गिअर पटकन खाली येतो आणि गाडी निघालीच. फ्रॉंक्स तिथे जरा वेळ घेते.

पण संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधे उलटं होतं. छोट्या टर्बोला खालच्या आरपीएमला दम कमी, त्यात डीसीटी पहिल्या-दुसऱ्यात क्लच घासत राहतो, आणि चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच तापून वॉर्निंगसुद्धा येऊ शकते. टॉर्क कन्व्हर्टरमधे ताकद तेलातून जाते, त्यामुळे ब्रेक सोडला की गाडी अलगद सरकते, मागे बसलेल्या आजीला झटका बसत नाही.

रोजचं सिटी ड्रायव्हिंग आणि घरातले सगळेच चालवणार असतील तर माझं मत सरळ फ्रॉंक्स. दर वीकेंडला कोल्हापूर-महाबळेश्वर करणाऱ्यांनी बिनधास्त व्हेन्यू घ्या, फक्त चढावर थांबताना ब्रेक दाबूनच थांबा.