विधी सेवेचा मोफत वकील: पैशाआधी झोप परत आली

वकिलाची फी परवडणार नाही या धास्तीने जी बाई कोर्टाच्या फाटकावरूनच मागे फिरते, तिच्यासाठी हे लिहितेय. मी दोनदा फिरले होते.

जळगाव जिल्ह्यात तापीकाठी आमची तीन एकर केळी. गेल्या हंगामात भाव बरा लागला, पैसे माझ्या खात्यात पडले आणि नात्यातल्या एका मुलाने मला टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घातलं. "मावशी, यूएसडीटी घ्या, डॉलरसारखाच असतो, बुडत नाही." हे क्रिप्टो, म्हणजे इंटरनेटवर चालणारं नाणं. त्यालाही ते बुडत नाही असंच वाटत होतं, तोही बुडाला. त्याच्यावर माझा राग नाही. तीन आठवड्यांत मी २ लाख ८० हजार पाठवले, दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर. ॲपमधला आकडा ६ लाखांवर गेला. काढायला गेले तर निरोप आला, आधी ३० टक्के टॅक्स आमच्याकडे भरा. मी म्हटलं, सगळे नाही, ६२ हजार आहेत. ते घेतले आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपच गायब.

त्याच संध्याकाळी भाच्याने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. म्हणून ते शेवटचे ६२ हजार पुढच्या बँकेत अडकून राहिले, आधीचे मात्र निघून गेले होते. ठाण्यात गुन्हा नोंदवला. बँक म्हणाली कोर्टाचा आदेश आणा. कोर्ट म्हटलं की माझे पाय गळाले. त्यात एक फोन यायला लागला: "तुमचे क्रिप्टो परत मिळवून देतो, १५ हजार भरा." तेही भरायच्या बेतात होते मी. भाच्याने मोबाइल हातातून काढून घेतला.

घरी सांगितलं नव्हतं. खोडव्याला खत टाकायची वेळ आली, हे पैशाचं विचारायचे, मी म्हणायचे एफडी केलीय. रात्री दोन वाजता उठून बंद पडलेलं ॲप उघडून बघायचे. घास उतरेना. एकदा बागेतच डोळ्यांपुढे अंधारी आली. आरोग्य केंद्रात बीपी निघालं १७० वर १०४. गोळी सुरू झाली, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं तर फारसा फरक नाही. तेव्हा डॉक्टर मॅडमनी पट्टा सोडता सोडता विचारलं, "ताई, घरात काही झालंय का?" तिथे मी पहिल्यांदा रडले.

त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून दिलं: तालुका विधी सेवा समिती, न्यायालयाची इमारत. म्हणाल्या, अमेरिकेत बोस्टनच्या सरकारी दवाखान्यात १९९३ मध्ये डॉक्टरांनी वकीलच सोबत घेतले. मुलांचा दमा औषधाने हटत नव्हता, कारण भाड्याच्या घराच्या भिंती ओलाव्याने बुरसटलेल्या. घरमालक दाद देईना. वकिलाने त्याला कायद्याने भिंत दुरुस्त करायला लावायची, असं ते काम. "तुमची ओल कुठे आहे ते तुम्ही आत्ता सांगितलंत," असं म्हणाल्या मॅडम.

अर्ध्या तिकिटात एसटीने तालुक्याला गेले. समितीची खोली शोधायला तीन जणांना विचारावं लागलं, पाटी जिन्यामागे. आत एक वयस्क विधी स्वयंसेवक बसलेले. माझा चेहरा बघून आहिराणीतच बोलले, "आठे बठ व माय, पहिले पानी पी." अर्ज एक पानाचा. आधार आणि पासबुकाची झेरॉक्स लावली. उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, कोठडीत असलेल्यालाही. कायद्यात असे आणखीही काही गट आहेत, त्याबाहेरच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते.

वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी पासबुक उघडलं आणि लाल पेनाने एकेका नोंदीभोवती गोल केला, शेजारी तारीख आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक. आठ गोल. दोन महिने माझ्या डोक्यात जे घोंघावत होतं ते एका पानावर आठ ओळींत मावलं. मग स्पष्ट सांगितलं: "या सातांचं मी आज काही वचन देत नाही. हा आठवा आपण मागू."

आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली, ती मला आधी माहीत असती तर! क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर खराच आहे, १ एप्रिल २०२२ पासून. पण तो आपण सरकारला भरायचा असतो, पैसे काढण्याआधी ॲपवाल्याला नाही. तुमच्याकडे कॉइन कधी नव्हताच, तो पडद्यावरचा आकडा होता, म्हणाल्या. मी विचारलं, मग खरा कॉइन घेतला असता तर सुरक्षित का? त्या म्हणाल्या, विकत घेणं गुन्हा नाही, पण ते चलन म्हणून मान्य नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे तो नाही. कॉइन चुकीच्या पत्त्यावर गेला तर परत फिरवणारा कोणी मॅनेजर नाही. कॉइन ठेवायच्या डिजिटल पाकिटाची चावी म्हणजे बारा किंवा चोवीस शब्द, ते दुसऱ्याला कळले की पाकीट त्याचं. कॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजला सरकारच्या एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या विभागाकडे, नोंदणी सक्तीची आहे, ती नसेल तर दारातही उभं राहू नका. नोंदणी असली तरी नुकसान होणार नाही याची हमी नाही, हे त्यांनी लगेच जोडलं.

जाताना म्हणाल्या, घरी सांगा, पुढची तारीख त्यानंतर घेऊ. त्या रात्री ओट्यावर मी ह्यांना लाल गोलांचं ते पान दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग आत जाऊन कळण्याची भाकरी आणि ठेचा ताटात घेऊन आले, म्हणाले, "खाऊन घे आधी." सकाळी दूधवाल्याने हाक मारली तेव्हा जाग आली. पैसा एकही परत आला नव्हता तेव्हा.

चार खेपा झाल्या. एकदा पोलिसांचा अहवालच आलेला नव्हता, दिवस फुकट गेला आणि रोजंदारीची बाई बागेत एकटी. वकीलबाई दिवसा फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सातनंतर उचलतात. अर्ज इंग्रजीत होता. मी म्हटलं वाचून दाखवा, तर ओळीओळीने मराठीत सांगितला, मग सही केली. चार महिन्यांनी आदेश झाला आणि ६२ हजार खात्यावर आले. फी, टायपिंग, काहीही लागलं नाही. २ लाख ८० हजारांचा तपास चालू आहे.

विधी सेवा समितीला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक कापला तो पाटीसाठी आणि खेपांसाठी. गेल्या महिन्यात बीपी १३८ वर ८६ होतं. गोळी मॅडमनी बंद केलेली नाही आणि मीही मनाने बंद करणार नाही. जाताना पासबुक बँकेतून भरून न्या, मोबाइलमधले निरोप पुसू नका, आणि फसल्याचं कळेल त्या क्षणी आधी १९३० लावा. माझे सात गोल उशिराचे आहेत.