कोल्हापुरात उद्यमनगरातल्या पेंटर मामांकडं बुलेटच्या टाकीवर ब्रशनं रेघा ओढायला शिकलो, हात एक नंबर पण हिशोबाच्या नावानं बोंब

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू थोडा लांबणार आहे कारण मी मामांकडं आधी गिऱ्हाईक म्हणून गेलतो आणि नंतर चार महिने दर रविवारी शिकायला गेलो, त्यामुळं दोन्ही बाजूनं लिहितोय. दुकानाला बोर्ड नाही (दुसऱ्यांचे बोर्ड रंगवण्यात जन्म गेला, स्वतःचा रंगवायला वेळ मिळाला नाही म्हणे). उद्यमनगरात कुणालाही 'टाकीवाले पेंटर मामा' विचारा, आणून सोडतील.

माझी बुलेट वडिलांची, एमएच शून्य नऊ पासिंग, काळी. टाकी रिपेंट केल्यावर जुन्या सोनेरी रेघा गेल्या आणि गाडी एकदम बोडकी दिसायला लागली. रेडियमवाल्याकडं अडीचशे रुपयात स्टिकर लावून घेतलं, आठ महिन्यात पेट्रोलच्या झाकणाजवळ कडा उचलली आणि त्यात धूळ बसून काळी किनार दिसायला लागली. मग कुणीतरी मामांचं नाव सांगितलं. मामांनी दोन्ही बाजूला डबल रेघ ओढून दिली, सहाशे रुपये घेतले. सहाशे! चेन्नईत रॉयल एनफिल्डच्या कारखान्यात दोन भाऊ टाक्यांवर हातानं रेघा ओढतात त्यांचे व्हिडिओ लोक तोंडात बोट घालून बघतात, आणि इथं तेच काम चहा पीत पीत सहाशेत चाललंय.

काम बघताना मला वेडच लागलं. ब्रश साधा नाही, तलवारीच्या पात्यासारखा तिरका कापलेला, केस लांबच्या लांब आणि दांडा बोटभर. मामा जुन्या मासिकाच्या चकचकीत पानावर रंगाचे दोन थेंब टाकतात, त्यात टर्पेंटाइन, आणि ब्रश त्या कागदावर पुढं-मागं ओढत राहतात, रंग केसांच्या मुळापर्यंत मुरेपर्यंत. ब्रश कागदावर जरा अडखळल्यासारखा ओढला जायला लागला की रंग तयार. पातळ झाला तर रेघ पसरते, घट्ट राहिला तर मधेच तुटते. मग करंगळी टाकीवर टेकवून, ब्रश जवळजवळ आडवा झोपवून स्वतःकडं ओढायचा. केस लांब असल्यामुळं रंग भरपूर मावतो म्हणून टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ जाते. वळण आलं की मनगट वळवायचं नाही, दांडा अंगठा आणि बोटाच्या मधे गोल फिरवायचा. हे लिहायला दोन ओळी लागल्या, जमायला मला दीड महिना लागला.

शिकवणी म्हणजे क्लास वगैरे काही समजू नका. पहिल्या रविवारी मामांनी हातात खिडकीची जुनी काच दिली आणि म्हणाले, "वड रेघा." मी ओढल्या. त्यांनी ब्लेडनं सगळ्या खरवडल्या. "आता परत वड." असं तीन रविवार. चौथ्या रविवारी पहिल्यांदा बोलले, "मर्दा, दम धरतोयस कशाला? सोड की. रेघ मनगटानं नाय, खांद्यानं वडायची, आन् नजर ब्रशवर नगं, जिथं जायचंय तिथं ठेव." सायकल चालवायला शिकताना वडील हेच सांगायचे. मग तीन मिलिमीटर अंतरावर दुसरी समांतर रेघ, मग वळणं, मग दोन बाजूला सारखी नक्षी. त्यासाठी रांगोळीच्या टोचलेल्या कागदासारखाच कागद असतो, एका बाजूला खडूची पूड मारायची, कागद उलटा करून दुसऱ्या बाजूला मारायची. फी म्हणाल तर महिना हजार, रंग त्यांचा, ब्रश आपला.

ब्रशवर जरा बोलतोच. मी आधी स्टेशनरीच्या दुकानातला लायनर नेलता, तो मामांनी टेबल पुसायला ठेवून घेतला. नंतर ऑनलाइन अमेरिकेतल्या मॅक कंपनीचा खारीच्या केसांचा मागवला, डबल झिरो नंबर. ही कंपनी १८९१ पासून ब्रश करतीय, म्हणजे घोडागाडीच्या चाकांवर रेघा मारायच्या जमान्यातली. महाग आहे पण फरक पहिल्याच रेघेला कळला. काम झालं की टर्पेंटाइननं धुवायचा, इंजिन ऑइलमधे बुडवून केस चिमटीत सरळ करायचे आणि सपाट झोपवून ठेवायचा. उभा ठेवून केस वाकले तर ब्रश गेलाच म्हणून समजा. मामांचा एक ब्रश अकरा वर्षांचा आहे, त्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत.

आता तक्रारी. एक, वेळ पाळत नाहीत. "गुरुवारी न्या" म्हणजे पुढचा सोमवार धरा. ऊस हंगामाच्या तोंडावर तर जाऊच नका, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लाईन लागलेली असते आणि तुमची टाकी कोपऱ्यात. दोन, पावसाळ्यात इनॅमल (रेघांचा तेलरंग) वाळतच नाही आणि वर शेजारी ग्राइंडिंगचं काम चालतं, त्यामुळं ओल्या रेघेवर लोखंडाचा बारीक कीस येऊन बसतो. माझ्या डाव्या बाजूच्या रेघेत अजून तीन टिपके आहेत, बोट फिरवलं की लागतात. तीन, आणि ही सगळ्यात मोठी, रेटबद्दल मामा अक्षर शिकवत नाहीत कारण त्यांनाच ते येत नाही.

माझं पहिलं काम मित्राच्या बुलेटचं, पाचशे रुपये सांगितले. टाकी घासून मेण-पॉलिश काढायला तास (सिलिकॉनचं पॉलिश राहिलं तर रंग जागोजागी फाटून गोल गोल डोळे पडतात), टेप लावून आखणीला दीड तास, रेघा पाऊण तासात, एक रेघ चुकली ती पुसून परत, मग सगळं आवरणं. साडेचार तास, त्यात ऐंशी रुपयाचं सामान. तासाला शंभर पण पडले नाहीत. आणि वर मित्रानं दुसऱ्याच दिवशी एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून त्यावर क्लिअर (चकाकीचा पारदर्शक थर) मारून घेतला, खालचं इनॅमल कच्चं होतं, संध्याकाळपर्यंत रेघेला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. परत फुकट करून दिलं. चूक माझी, मी सांगायला पाहिजे होतं.

मग वहीत हिशोब मांडला. महिन्याला चोवीस हजार सुटले पाहिजेत, चोवीस दिवस काम, पण दिवसातले खरे पैसे देणारे तास चारच, बाकी गिऱ्हाईकाशी बोलणं, सामान, वाट बघणं. म्हणजे शहाण्णव तास, तासाला अडीचशे. रेघ ओढायचा वेळ फक्त मोजला तर माणूस मरतो, साफसफाई आणि आखणी पण त्यातच धरायची. आता मी दोन्ही बाजूची डबल रेघ पंधराशे सांगतो, साइड पॅनल आणि मडगार्ड धरून अडीच हजार, नक्षी असेल तर आधी कागदावर काढून दाखवून तासावर, आणि काम कितीही बारकं असलं तरी पाचशेच्या खाली नाही. जुनं रेडियम काढायचे पैसे वेगळे, कारण त्या गोंदावर निम्मा दिवस जातो. निम्मे पैसे आधी, आणि टाकीवरचे पोचे-ओरखडे गिऱ्हाईकासमोर फोटो काढून ठेवायचे, हे पण ठेच लागूनच शिकलो.

वही मामांना दाखवली. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "रेट वाढवला तर पोरं रेडियमवाल्याकडं जातील." मी म्हटलं मामा, ज्याला रेडियम पाहिजे तो आधीच तिकडं जातोय, तुमच्याकडं येणारा रेघेसाठीच येतोय. काही बोलले नाहीत. चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव मेस्त्री, त्यांचे बाबूराव पेंटर झाले ते याच कोल्हापुरात, इथं 'पेंटर' हे आडनावासारखं मानानं लागतं, पण मजुरी सांगताना त्याच माणसाची मान खाली जाते हे काय मला पटत नाही. पुढच्या रविवारी गेलो तर गिऱ्हाईकाला नऊशे सांगत होते, माझ्याकडं न बघता.

तर हाताला पाचपैकी पाच, शिकवण्याला साडेचार (बोलत नाहीत म्हणून अर्धा कापला), वेळेला दोन. अमावस्येला दुकान बंद. टाकी काढून, पेट्रोल पूर्ण रिकामं करून आणि निदान एक रात्र झाकण उघडं ठेवून न्या, वास आला की मामा दारातनंच परत पाठवतात.