कायटोसन की अल्जिनेट? प्लेटिंगच्या पाण्यासाठी चुंबकी मणी

प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या कामातल्या सांडपाण्यात चुना टाकला की बराचसा धातू खाली बसतो, हे ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) सांभाळणाऱ्याला सांगायला नको. डोकं खातो तो उरलेला अंश. सहासंयुजी क्रोमियम नदीनाल्यात सोडायचं तर लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवं. या शेवटच्या फेरीसाठी मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहाचं ऑक्साइड) भरलेले मणी बरे; प्रश्न एवढाच की ते अल्जिनेटचे घ्यावेत की कायटोसनचे. धातू धरला की चुंबकाने ओढून घ्यायचे, गाळणीची कटकट नाही.

पाण्यात शिसं किंवा कॅडमियम असेल तर समुद्री शेवाळातून निघणाऱ्या अल्जिनेटला नावं ठेवायला जागा नाही. बनवायलाही सोपं. मॅग्नेटाइट कालवलेलं द्रावण थेंबथेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडलं की मणी तयार. कायटोसनचा व्याप मोठा. ॲसेटिक आम्लात विरघळवा, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात थेंब सोडा, वर ग्लुटराल्डिहाइडने बांधा. त्या वासाने अंधेरीच्या बंद गाळ्यात डोकं धरतं. कायटोसन कोलंबीच्या सालांतून निघतं खरं, पण ससून डॉकवरचे ढीग बघून ते स्वस्त पडेल असं समजू नका.

तरी मी कायटोसनवरच थांबलो, ते डिग्रीझिंगच्या, म्हणजे भागांवरचं तेल-ग्रीस काढायच्या टाकीमुळे. तिथलं कॉस्टिक, सोडा ॲश आणि ट्रायसोडियम फॉस्फेट थोडंफार रिन्समध्ये, म्हणजे भाग धुतलेल्या पाण्यात, उतरतंच. त्यातलं सोडियम अल्जिनेटच्या मण्यातल्या कॅल्शियमची जागा घेतं, फॉस्फेट ते कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी भिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात. चिमटीत धरला की फुटतो, बोटांवर काळं उमटतं. मग चुंबकाला चिकटते नुसती काळी भुकटी. धातू धरलेला बुळबुळीत गर पाण्यातच राहतो. म्हणजे पुन्हा गाळणी! ज्यासाठी चुंबकी मणी घेतले तेच हातचं गेलं.

बांधलेलं कायटोसन या पाण्यात टिकतं. शिवाय किंचित आम्लात त्याचे अमाइन गट धनभारित होऊन क्रोमेट (सहासंयुजी क्रोमियमचं पाण्यातलं ऋणभारित रूप) धरतात; अल्जिनेट स्वतःच ऋणभारित, त्यामुळे क्रोमेटपुढे ते जवळपास निरुपयोगी. ग्लुटराल्डिहाइड थोडे अमाइन गट खातं, तेवढी क्षमता घटते हे मान्य. मण्यांनी धरलेलं तांबं सोडवायला ते आम्लाने धुताना मात्र हात राखून. धुवण पिवळसर दिसलं की मॅग्नेटाइट विरघळू लागलंय असं समजावं, मग चुंबकाची पकडही ढिली पडते.

तुमच्याकडे डिग्रीझिंगचं पाणी वेगळ्या लाइनने जात असेल तर माझी तक्रार कदाचित तुम्हाला लागू होणार नाही. तरी अल्जिनेटची ऑर्डर देण्याआधी मूठभर मणी आपल्याच रिन्सच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी चिमटीत दाबून बघा.