विजय नगरचं सिम रेसिंग सेंटर: रात्रभराच्या एन्ड्युरन्स रेसचा रिव्ह्यू

इंदूरच्या मॉलमधल्या गेम झोनमध्ये कार रेसिंगची मशीन्स आहेतच, पाच मिनिटं बसा, गाडी भिंतीला ठोका, उठा, पुढचा नंबर. ज्याला तेवढंच हवंय त्याने हे वाचायची गरज नाही. मी लिहितोय ते विजय नगरच्या या सिम रेसिंग सेंटरच्या (सिम म्हणजे सिम्युलेटर, स्टीअरिंग-पेडल धरून कॉम्प्युटरमधली गाडी चालवायची) रात्रभराच्या एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेसच्या, पॅकेजबद्दल, जे हे लोक जूनमध्ये ठेवतात, फ्रान्समध्ये ले मान्सची चोवीस तासांची शर्यत ज्या शनिवार-रविवारी असते बरोब्बर त्याच रात्री. आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, गाड्यांची आवड असलेल्या माणसासाठी आपल्या शहरात इतक्या मनापासून चालवलेली दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

फॉरमॅट असा. चौघांची टीम, एक रिग (सीट, स्टीअरिंग, पेडल आणि स्क्रीनचा सेट), एक गाडी. शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू, रविवारी सकाळी साडेसातला खलास. साडेसातच का, तर तिकडे दुपारी चारला रेस सुटते तेव्हा आपल्याकडे साडेसात वाजलेले असतात. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर खरी रेस लाइव्ह, खाली सगळ्या टीम्सची आपापली. गेममधलं घड्याळ डबल स्पीडने पळवतात त्यामुळे बारा तासांत अख्खा दिवस आणि अख्खी रात्र भरते. यातून एक मजेशीर प्रकार होतो, आपल्या गेममध्ये साडेदहा-अकराला अंधार पडतो पण खऱ्या ले मान्सला जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री दहाच्या आसपास, म्हणजे इंदूरचे दीड, आणि सकाळी आपल्याकडे पोह्यांच्या गाड्यांवर वाफ निघायला लागते तेव्हा भिंतीवर अजून काळोख असतो, फक्त हेडलाइट पळताना दिसतात.

आता खरी गोष्ट म्हणजे ब्रीफिंग. संध्याकाळी सहाला सगळ्यांना बसवून मालक अर्धा-पाऊण तास बोलतो आणि तो रूल सांगण्याआधी ही शर्यत सुरू का झाली ते सांगतो. मी पिथमपूरला नोकरी करतो, गाड्यांच्या पार्ट्सच्या टेस्टिंगमध्ये, त्यामुळे माझे कान तिथेच टवकारले. कारण ले मान्स ही मुळात वेग दाखवायला काढलेली रेस नाहीच, ती टेस्टिंगसाठी काढली! १९२२च्या पॅरिस मोटर शोमध्ये तीन माणसं भेटली, ऑटोमोबाइल क्लब द लुएस्तचे सेक्रेटरी जॉर्ज द्युराँ, पत्रकार शार्ल फारू आणि रज-व्हिटवर्थ या चाकं बनवणाऱ्या कंपनीचे फ्रान्समधले प्रमुख एमिल कोकीय. त्या काळात ग्राँ प्री नावाच्या शर्यती होत्या, पण त्यातल्या गाड्या वेगळ्याच, दुकानातून घेता येणाऱ्या गाडीशी त्यांचं नातं नाही. लोक विकत घेतात त्या गाड्यांचे लाइट रात्रभर टिकतात का, इलेक्ट्रिकल सामान टिकतं का, इंजिन न थांबता किती ओढतं, हे बघायचं कुठे? आधी आठ तासांची आणि त्यातला काही भाग अंधारात अशी कल्पना होती म्हणे, ती वाढत चोवीस तासांवर गेली. कोकीयने पैसे आणि कप दिला, आणि २६ मे १९२३ला सार्थ जिल्ह्यातल्या चालू रस्त्यांवर पहिली रेस सुटली, तीही पावसात आणि गारांत.

त्या पहिल्या वर्षीचे आकडे ऐका. ३३ गाड्या सुटल्या, ३० पोचल्या. लाग्राश आणि लेओनार यांची शेनार-वाल्केर सगळ्यात जास्त अंतर गेली, १२८ लॅप (फेऱ्या), साधारण २२०९ किलोमीटर. पण त्या वर्षी अधिकृत विजेता असा कोणी नव्हताच, कप होता तीन वर्षांचा मिळून आणि प्रत्येक गाडीला तिच्या इंजिनच्या साइजप्रमाणे अंतराचं टार्गेट. टेस्टिंगवाल्या माणसाला हे ऐकून किती बरं वाटतं सांगू! आम्ही रोज हेच करतो, पहिला कोण आला ते नाही बघत, ठरलेलं अंतर ठरलेल्या हालतीत पूर्ण केलं का ते बघतो.

त्याच रेसमधली बेंटलीची गोष्ट मालकाने सांगितली ती माझ्या भाच्याने पूर्ण रात्रभर लावून धरली. डफ आणि क्लेमेंट यांची गाडी, दगड उडून एक हेडलाइट फुटला, मग टाकीला भोक पडलं, पेट्रोल सगळं वाहून गेलं. डफ ट्रॅकवरून पायी पिटपर्यंत, म्हणजे गाडी दुरुस्त करायच्या आणि पेट्रोल भरायच्या जागेपर्यंत आला, मग क्लेमेंट सायकल घेऊन पेट्रोलचे डबे लादून गाडीपर्यंत गेला, भोक बुजवलं, गाडी चालू करून परत आणली. आणि पुढच्या वर्षी, १९२४ला, याच दोघांनी रेस जिंकली.

सेंटरवाल्यांनी हा टिकाऊपणाचा मुद्दा गेमच्या सेटिंगमध्ये उतरवलाय, म्हणून माझे पूर्ण मार्क. डॅमेज पूर्ण चालू, टायर झिजतात, फ्युएल मोजूनच. हेडलाइट फुटला तर फुटला, पिटमध्ये या आणि वेळ घालवून दुरुस्त करा. पिट लेनला ६०ची लिमिट आहे ले मान्ससारखीच, तोडली की पेनल्टी. कोणाचा अपघात झाला की त्या भागात स्लो झोन, ८०च्या वर नाही, आणि हे मार्शल पोरगा डोळ्यात तेल घालून बघतो. राजेंद्र नगरचा मराठी मुलगा आहे, शांत, पण नियमाला एकदम पक्का.

ड्रायव्हरच्या वेळेचा नियमही तसाच. खऱ्या ले मान्सला एका ड्रायव्हरला कुठल्याही सहा तासांत चारपेक्षा जास्त तास चालवता येत नाही आणि एकूण चौदा तासांच्या वर नाही. इथे घड्याळ डबल म्हणून सगळं निम्मं केलंय, तीन तासांत दोन. माझा भाचा रात्री एकच्या सुमाराला अशी मस्त लय पकडून बसला होता की उठेचना, "मामा, पाचच लॅप अजून, प्लीज" असं चाललेलं, तेवढ्यात मार्शल येऊन उभा राहिला, "दादा, उतरा. टाइम झाला." आणि उतरवलाच. मला हे फार आवडलं कारण हा नियम लाडासाठी केलेला नाही. १९५२ला पिएर लवेग नावाचा ड्रायव्हर टॅल्बो गाडी जवळजवळ तेवीस तास एकट्याने चालवत होता, साथीदाराला हात लावू दिला नाही, चार लॅपची आघाडी होती, आणि शेवटच्या तास-दीड तासात इंजिन गेलं. मर्सिडीजच्या दोन गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या. तीन वर्षांनी हाच लवेग मर्सिडीज चालवत असताना १९५५चा तो भयानक अपघात झाला, गाडी पिटसमोरच्या गर्दीत गेली, तो स्वतः आणि ८०च्या वर प्रेक्षक मेले. त्यानंतर तिथली पिट आणि स्टँडची बाजू पाडून नव्याने बांधली. मालकाने हे सांगताना मागचं म्युझिक बंद केलं होतं, तेवढं भान त्याला आहे.

स्टार्ट मात्र जुन्या पद्धतीचा. खोलीच्या त्या टोकाला उभे राहा, झेंडा पडला की पळत जाऊन सीटवर बसा. १९२५पासून ले मान्सला असंच असायचं, गाड्या एका बाजूला तिरक्या लावलेल्या, ड्रायव्हर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. घाईत लोक बेल्ट न लावताच निघायचे. १९६९ला जॅकी इक्स नावाचा ड्रायव्हर पळालाच नाही, चालत गेला, नीट बेल्ट लावला, सगळ्यात शेवटी निघाला. त्याच रेसच्या पहिल्या लॅपला बेल्ट न लावता निघालेला जॉन वुल्फ अपघातात मेला. आणि इक्सने चोवीस तासांनी हान्स हेरमानच्या पोर्शेला सुमारे सव्वाशे मीटरनी मागे टाकून ती रेस जिंकली! पुढच्या वर्षीपासून पळायचा प्रकार बंद. सेंटरने तो ठेवलाय, पोरांना धमाल येते हे खरं, पण इथेच माझी पहिली तक्रार, फरशीवर वायरी पडलेल्या असतात आणि त्यावरून लोक पळतात. टेप मारून घ्या हो, दहा मिनिटांचं काम आहे. माझा धाकटा भाऊ सरळ चालत गेला, आणि टाळ्या त्यालाच पडल्या.

ट्रॅकबद्दल थोडं. आपल्याकडे पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या टेस्ट करायच्या केंद्राचा हायस्पीड ट्रॅक आहे तो ११.३ किलोमीटरचा. ले मान्सचा सर्किट १३.६२६ किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग वर्षभर साधा सार्वजनिक रस्ता असतो, ट्रक जातात, लोक भाजी आणायला जातात. मुल्सानची सरळ पट्टी पूर्वी सहा किलोमीटर सलग होती, १९८८ला तिथे एका गाडीने ताशी ४०५ किलोमीटरचा स्पीड गाठला, मग १९९०ला मध्ये दोन शिकेन (वेग कमी करायला मुद्दाम घातलेली वळणं) टाकल्या. सिमवर रात्री त्या पट्टीवरून जाताना सगळ्यात अवघड काम स्पीडचं नसतं हो, मागून येणाऱ्या हायपरकारला (सगळ्यात वेगवान वर्ग) जागा देणं आणि पुढच्या हळू जीटी गाडीला ओलांडणं, हे एकाच वेळी. खऱ्या रेसमध्ये ६२ गाड्या आणि तीन वर्ग, हायपरकार, मधला एलएमपी२ आणि सगळ्यात हळू एलएमजीटी३ म्हणजे जीटी, सगळे एकत्र पळतात. सेंटरने बाकीच्या जागा कॉम्प्युटरच्या गाड्यांनी भरल्या होत्या त्यामुळे ही गर्दी नीट जाणवते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जीटी घ्या. मागे बघायची सवय लागली की अर्धी रेस जमली.

रिग्जबद्दल स्पष्ट लिहितो. डायरेक्ट ड्राइव्ह व्हील (मोटरला थेट जोडलेलं स्टीअरिंग) सगळीकडे आहे आणि छान आहे, फोर्स फीडबॅक, म्हणजे स्टीअरिंगचा हाताला बसणारा ओढा, इतका की दोन तासांनी मनगट बोलायला लागतं. पेडलमध्ये मात्र फरक आहे. खिडकीकडच्या रिग्जना लोड सेलचे (किती जोराने दाबलं ते मोजणारे) ब्रेक आहेत, दाराकडच्या एका रिगचा ब्रेक ढिला आहे, पाय खाली जातच राहतो, तर बुकिंग करतानाच विचारून घ्या. हेडफोन दर ड्रायव्हरनंतर पुसून देतात, हे आवडलं. एसी पहाटे जरा जास्तच थंड होतो. लॅप टायमिंगचा स्क्रीन मध्यरात्री हँग झाला आणि बराच वेळ कोण कितव्या नंबरवर ते कळत नव्हतं, शेवटी मार्शलने कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. एन्ड्युरन्स रेसमध्ये टायमिंग गेलं की टीम आंधळी होते, फ्युएल कधी भरायचं तेच ठरवता येत नाही, तर याला बॅकअप हवाच.

खाण्याचं, पॅकेजमध्ये सँडविच आणि चहा आहे, ठीकठाक. आमच्या ऑफिसच्या मित्राचा स्टिंट (चालवायची पाळी) नव्हता तेव्हा तो बाइकवर सराफ्याला जाऊन भुट्ट्याचा कीस आणि खोपरा पॅटिस घेऊन आला, बाहेरचं आणू देतात, फक्त रिगजवळ नेऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. सकाळी पोहे-जिलबी मालकाकडून, जीरावण भरपूर.

एका भिंतीवर भारतीय ड्रायव्हर्सची माहिती लावलीय. २००९ला नारायण कार्तिकेयन ले मान्सला होता पण रेसच्या आधीच खांदा निखळला म्हणून चालवू शकला नाही, मग २०१२ला करुण चंढोक तिथे रेस करणारा पहिला भारतीय झाला आणि त्यांची गाडी एकूण सहावी आली. पोरं तिथे थांबून वाचत होती. शेजारी २०१६च्या टोयोटाची गोष्ट, चोवीस तासांतली शेवटची तीनेक मिनिटं उरलेली, गाडी पहिल्या नंबरवर, आणि ड्रायव्हर नाकाजिमाच्या गाडीची पॉवरच गेली. पोर्शे जिंकली. टोयोटा सोडून गेली नाही, २०१८पासून सलग पाच वर्षं जिंकली. मग २०२३ला, शंभराव्या वर्षी, फेरारी परत आली आणि जिंकली, आणि २०२४, २०२५लाही तीच. माझं मत विचाराल तर या भिंतीवर अजून एक पाटी हवी, गाड्यांना यातून काय मिळालं याची. १९५३ला जॅग्वार डिस्क ब्रेक लावून जिंकली, आज आपल्या बाइकला सुद्धा डिस्क असते. २००६ला ऑडीने डिझेलवर जिंकून दाखवलं, २०१२ला हायब्रिडवर. मालकाला सांगितलंय, तो करतो म्हणाला.

आमची टीम मधल्या नंबरवर आली, गाडी धड अवस्थेत, दोन्ही हेडलाइट शाबूत.

कोणासाठी आहे हे सांगतो. ज्यांना रात्रभर एकमेकांचं ऐकून घेता येतं अशा चौघांसाठी. एकटे गेलात तर अनोळखी टीममध्ये टाकतात, तेही चालतं म्हणे. शाळकरी मुलांना रात्रीच्या पॅकेजला घेत नाहीत, त्यांच्यासाठी रविवारी दिवसा तीन तासांची छोटी रेस असते, तिथे पाठवा. रेट फोनवर विचारा, जूनच्या रात्रीचा वेगळा असतो, आणि बुकिंग मे लागायच्या आधी करा कारण रिग्ज मोजक्याच आहेत. खाली पार्किंग कमी आहे, चौघांनी एकाच गाडीने या. आणि सहाच्या ब्रीफिंगला वेळेवर पोचा, उशिरा येणाऱ्या टीमला शेवटच्या जागेवरून सोडतात.